एसीचा फिल्टर झटकून नवा होत नाही

‘केबिन फिल्टर काढा, पंपावर हवा मारा, परत बसवा, झाला नवा!’ हा सल्ला गाडीवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. केबिन फिल्टर म्हणजे एसीतून गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर. मीही तो पाळत होतो.

वरची धूळ उडते, हे खरं. पण हा फिल्टर म्हणजे नुसती चाळण नव्हे. त्यातल्या कृत्रिम तंतूंवर बहुधा स्थिर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्याला चिकटतात. तंतूंत खोल रुतलेले कण फुंकरीनं निघत नाहीत. उलट प्रेशर जास्त झाला तर तंतू फाटतात. धुतला तर विद्युतभारही जातो. (उत्पादकानंच धुण्याजोगा म्हटलेला फिल्टर अपवाद.) काळा, कार्बनवाला असेल तर त्यातला कोळसा वास शोषून भरलेला असतो, तो हवेनं रिकामा होत नाही.

मग बदलायचा. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. कप्पा रिकामा करा, दोन्ही कडा आत दाबा, तो खाली झुकतो. मागच्या झाकणाच्या खिट्या दाबल्या की फिल्टर सरकन बाहेर येतो. माझ्या फिल्टरच्या घड्यांत पिंपळाचं वाळकं पान आणि उंदराच्या लेंड्या निघाल्या. एसीतून येणाऱ्या वासाचं कोडं सुटलं!

लोक चुकतात ते बाणात. फिल्टरच्या कडेवरचा बाण हवा वाहते त्या दिशेनं असावा. जुना काढण्याआधीच फोटो काढून ठेवा. आणि हो, बॉनेटखालचा इंजिनाचा एअर फिल्टर वेगळा.