मुळातली बुरशी पानाचे काम कसे वाढवते

मका, ज्वारी, कांदा, टोमॅटो, कडधान्ये अशा बहुतेक पिकांच्या मुळांत मायकोरायझा बुरशी वस्ती करते. तिचा खरा परिणाम मात्र पानात मोजावा लागतो.

स्फुरद मातीत फारसा हलत नाही. त्यामुळे मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा लवकरच रिकामा होतो. मूलरोमांहून बारीक असलेले बुरशीचे तंतू या पट्ट्याच्या कित्येक सेंटिमीटर पलीकडून स्फुरद आणून मुळाच्या पेशीत पोहोचवतात. पानाला त्याची गरज का? हरितलवकात (पानाच्या पेशीतल्या हिरव्या कणात) तयार झालेली साखर बाहेर पडते ती फॉस्फेटच्या, म्हणजे स्फुरदाच्या संयुगाच्या, बदल्यात. फॉस्फेट कमी पडले, की ती आतच स्टार्च होऊन साठते आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. शिवाय बुरशी झाडाने मिळवलेल्या कार्बनपैकी साधारण ४ ते २० टक्के साखर आणि मेदाच्या रूपात घेते. मुळाकडे अशी उचल असली, की पानात साखर तुंबत नाही आणि पान जास्त वेगाने काम करू शकते.

पण याच कारणाने सावलीतल्या किंवा स्फुरदाने भरलेल्या जमिनीतल्या पिकाला ही बुरशी तोट्याचीही ठरते. साखर जाते, बदल्यात काही मिळत नाही. म्हणून आधी माती तपासा. उपलब्ध स्फुरद भरपूर असेल तर बुरशी विकत घेण्याचे पैसे वाचवा. कोबी, फुलकोबी, मोहरी, मुळा, पालक, बीट यांना तर ती देऊच नका, त्यांच्या मुळांत ती नांदत नाही.

बुरशी देण्याची सर्वांत चांगली जागा रोपवाटिका. बुरशीचे बेणे, म्हणजे बुरशी वसलेली मुळे आणि माती, रोपमिश्रणात आकारमानाने ५ ते १० टक्के मिसळावे. तयार पावडर असेल तर पाकिटावरचे प्रमाण पाळावे. थेट पेरणीत बेणे बियाण्याखाली २-३ सेंटिमीटरवर पडले पाहिजे. वरून फेकलेली पावडर बहुधा वाया जाते, कारण बीजाणूला कोवळे मूळ जवळच लागते. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया आणि उन्हात ठेवलेले पाकीट ही अपयशाची नेहमीची कारणे. वारंवारची खोल नांगरटही तंतूंचे जाळे तोडते.

वस्ती झाली का, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चार ते सहा आठवड्यांनी बारीक मुळे धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करतात, धुतात, मग व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी शाई घालून त्यात काही मिनिटे उकळतात. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू गडद दिसतात. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करावे. प्रयोगशाळा नसेल तर निदान एक ओळ बेण्याविना ठेवा. तुलनेला ती नसेल तर पावडरने काही केले की नाही, हे सांगता येणार नाही.