पाय व सांध्यांचे दुखणे (आजारी बालकांतील)

मूल तापलेले असताना, किंवा ताप-खोकल्यातून नुकते उठत असताना, पडल्याझडल्याची काही खूण नसताना पाय धरून रडू लागते, लंगडते, कडेवरून खाली उतरायलाच तयार होत नाही. सातारा-सांगली भागात आया हे ‘पाय वळत्यात’, ‘पोटऱ्या भरून आल्यात’, ‘हाडं ठणकत्यात’ अशा शब्दांत सांगतात. हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्यामागे आठवडाभरात आपोआप जाणाऱ्या दुखण्यापासून काही दिवसांत सांधा नासवणाऱ्या जंतुसंसर्गापर्यंत काहीही असू शकते. दोन ते सात वर्षांच्या मुलांत उलगडा विशेष अवघड जातो. या वयाचे मूल दुखरी जागा ढोबळच दाखवते, आणि ती बऱ्याचदा चुकीची असते.

‘वाढीचं दुखणं’

घरात, शेजारात आणि पुष्कळदा दवाखान्यातही पहिले उत्तर मिळते ते ‘वाढीचं वय आहे, दुखणारच’. ही कल्पना जुनी आहे. मार्सेल द्युशां या फ्रेंच वैद्याने १८२३ मध्ये वाढीशी निगडित दुखण्यांबद्दल लिहिले, तेव्हापासून नाव टिकून आहे. प्रत्यक्षात मुलाची उंची ज्या काळात झपाट्याने वाढते त्या काळाशी या दुखण्याचा मेळ बसत नाही. दिवसभराच्या धावपळीने स्नायू व हाडांवर येणारा ताण हे एक कारण मानले जाते, पण नेमके कारण ठरलेले नाही.

दुखणे मात्र खरे असते आणि त्याला ठरावीक रूप असते. साधारण तीन ते बारा वर्षांचे मूल, संध्याकाळी किंवा झोपेतून उठून रडणे, दोन्ही पाय, नडगीची पुढची बाजू, पोटरी, मांडी किंवा गुडघ्याची मागची खोबण. तेल चोळले की अर्ध्या तासात झोपते. ‘रात्री सगळं घर जागं केलं आणि सकाळी बघावं तर अंगणात पळतंय’ हे आजीचे वाक्य निदानाला जवळपास पुरेसे असते. सांधा सुजत नाही, ताप नसतो, लंगडणे नसते, वजन घटत नाही. यातली एक जरी गोष्ट आढळली तरी हे नाव वापरता येत नाही. म्हणून आजारी मुलाच्या दुखऱ्या पायाला ‘वाढीचं दुखणं’ म्हणणे ही चूक आहे, आणि ती सर्रास होते.

तपासणी

अनुभवी बालरोगतज्ज्ञाची तपासणी मूल दारातून आत येते तिथेच सुरू होते. चालत आले, लंगडत आले की कडेवर आले? फरशीवर खेळणे टाकले तर वाकून उचलते का? आईच्या मांडीवरून न उठवता पाय हळूच आत-बाहेर फिरवला की खुबा बोलतो. गुडघ्यावर बोट ठेवणाऱ्या मुलाचा खुबा तपासायचाच, असा शिरस्ता आहे. खुब्याकडच्या काही मज्जातंतूंच्या फांद्या गुडघ्यालाही जातात, त्यामुळे एका जागचे दुखणे दुसरीकडे जाणवते. चार ते आठ वर्षांच्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून होणारा पर्थेस रोग कित्येक आठवडे ‘गुडघेदुखी’ म्हणून फिरतो तो यामुळेच.

तळपायही पाहायचा. शिवारात अनवाणी फिरणाऱ्या मुलाच्या पायात बाभळीचा काटा मोडून पिकलेला असतो, जांघेत गाठ येते, तिला इकडे ‘अवधान’ म्हणतात. ताप, मांडीत कळ, पाय आखडून धरणे, सगळे तेवढ्याने होते. दीड वर्षाच्या मुलाला मांडीत लसीचा डोस दिला असेल तर दोन दिवसांचे लंगडणे त्याचेही असते.

यापुढे विचारायचे ते घड्याळ. सकाळी उठल्यावर ताठरलेले आणि दुपारपर्यंत मोकळे झालेले मूल सांध्याच्या दाहाकडे बोट दाखवते. संध्याकाळी दुखून सकाळी बरे असेल तर धोका बहुधा कमी. रात्रीही आणि दिवसाही, चोळून न थांबणारे, झोपेतून उठवणारे दुखणे हाडाच्या आतले असू शकते. आता बहुतेक आयांच्या हातात मोबाइल असतो. सकाळी अंथरुणातून उठतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरला पुष्कळ काही सांगतो, कारण ओपीडीत नंबर लागेपर्यंत अकरा वाजतात आणि मूल मोकळे झालेले असते.

तापानंतरची निरुपद्रवी दुखणी

सर्वांत नेहमीची दोन. खुब्याचा तात्पुरता दाह तीन ते दहा वर्षांच्या मुलांत, बऱ्याचदा सर्दी-पडशानंतर आठ-पंधरा दिवसांत होतो. मूल एका पायाने लंगडते, मांडी फिरवू देत नाही, ताप नसतो किंवा अगदी थोडा असतो, आणि विश्रांतीने एक-दोन आठवड्यांत बरे होते. दुसरा पोटऱ्यांच्या स्नायूंचा दाह, फ्लूच्या साथीत दिसणारा. ताप उतरत आला असताना मूल सकाळी उठते आणि उभेच राहत नाही, किंवा चवड्यांवर, पाय फाकवून चालते. पोटरी दाबली की ओरडते. आईवडील घाबरून जातात. रक्तातील सीपीके हा घटक खूप वाढलेला निघतो, तरीही बहुतेक मुले आठवड्याभरात पळू लागतात. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र लगेच दाखवावे लागते, कारण स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात साचू शकते.

पायांवर व ढुंगणावर दाबल्यावरही न फिकटणारे जांभळट ठिपके, पोटात मुरडा आणि घोटे-गुडघे सुजणे हे त्रिकूट रक्तवाहिन्यांच्या दाहाचे असते. सांधे बरे होतात. लघवी मात्र पुढचे काही महिने तपासत राहावी लागते.

वेळ न दवडण्याची दुखणी

सांध्यात पू होणे ही खरी घाईची गोष्ट. ताप, एकच सांधा, आणि त्याला हातही लावू न देणारे मूल. तान्ह्या बाळात ताप नसेलही. लंगोट बदलताना एकच पाय हलवत नाही आणि किंचाळते, एवढेच दिसते. पुवामुळे कूर्चा, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, काही दिवसांत कायमची खराब होते, म्हणून सांधा शस्त्रक्रियेने धुऊन काढणे आणि शिरेतून प्रतिजैविके देणे हे त्याच दिवशी करायचे काम आहे. तात्पुरता दाह की पू, हे ठरवण्यासाठी १९९९ मध्ये मांडलेले चार निकष आजही वापरले जातात: ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पायावर भार न देणे, ईएसआर (रक्तपेशी तळाशी बसण्याचा वेग, दाह असला की वाढतो) ४० च्या वर आणि पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. जितके निकष जुळतात तितका पुवाचा संशय बळावतो. सांध्याऐवजी लांब हाडाच्या टोकाशी पू झाला तर चित्र थोडे संथ असते, पण दिशा तीच. सुरुवातीच्या आठवड्यात एक्स-रे साफ दिसू शकतो आणि तो हातात घेऊन लोक निर्धास्त घरी जातात.

रक्ताचा कर्करोग हा शब्द कुणी काढत नाही, आणि म्हणूनच तो मागे राहतो. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत तीव्र रक्तकर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असते, आणि त्यांतल्या बऱ्याच मुलांत हाडे दुखणे हीच पहिली तक्रार असते. मूल फिकुटते, अंगावर आपटल्यावाचून काळेनिळे डाग उमटतात, ताप येतो-जातो, आणि डॉक्टरला बाहेरून दिसते त्यापेक्षा दुखणे कितीतरी जास्त असते. हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा काचपट्टीवरचा लेप ही साधी तपासणी इथे निर्णायक ठरू शकते. पहिला हिमोग्राम जवळपास सामान्य असला तरी दुखणे चालू असेल तर तो पुन्हा करतात. रक्त तपासण्याआधी स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा पातळ औषध दिले गेले तर आजार काही दिवस दबतो, मूल खेळू लागते, निदान लांबते आणि उपचार अवघड होतात. ‘सुई मारली आणि लगेच उतार पडला’ या वाक्याने म्हणूनच निश्चिंत होऊ नये.

संधिवाताचा ताप याची तऱ्हा निराळी. घसा दुखून दोन-तीन आठवडे झालेले, वय पाच ते पंधरा. आज गुडघा सुजतो, परवा तो उतरून घोटा धरतो. सांधे पूर्ण बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. ‘हा रोग सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो’ हे लासेग या फ्रेंच वैद्याचे एकोणिसाव्या शतकातले निरीक्षण वैद्यकाचे विद्यार्थी आजही पाठ करतात. निदान झाल्यावर दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. खरा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो. मूल ठणठणीत असते आणि सुगीच्या दिवसांत इंजेक्शनची तारीख हुकते.

सहा आठवड्यांहून अधिक टिकणारी सांध्याची सूज, सोळा वर्षांखालील मूल आणि दुसरे कारण नाही, अशा अवस्थेला बालसंधिशोथ म्हणतात. ‘संधिवात म्हाताऱ्यांना होतो’ या समजुतीमुळे इथे महिने वाया जातात. याच्या काही प्रकारांत डोळ्याच्या आत दाह होतो आणि तो लाल होत नाही, दुखत नाही. म्हणून गुडघा सुजलेल्या मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले की पालक बुचकळ्यात पडतात.

सातारा-सांगलीचे संदर्भ

माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके अवर्षणाचे. पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी बॅरल, रांजण, हौद भरलेले असतात आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच एडिस डास वाढतो. डेंगू, ज्याला ‘हाडमोडी ताप’ म्हणतात, आणि चिकनगुनिया हे दोन्ही त्याच्यामार्फत पसरतात. चिकनगुनियाची मोठी साथ १९७३ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत नोंदली गेली. त्यानंतर देशात तो जवळपास दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये मोठ्या प्रमाणावर परतला. मुलांत सांधेदुखी मोठ्यांइतकी चिवट नसते. तान्ह्या मुलांत मात्र पुरळ उठते आणि नाकाच्या शेंड्यावर काळसर छटा राहते. या दिवसांत तापातल्या अंगदुखीला पॅरासिटॅमॉलच द्यावे. डेंगू नाही हे कळेपर्यंत अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपासून दूर राहावे, कारण रक्तस्राव वाढू शकतो.

धारोष्ण दुधाचे कौतुक या दुभत्या मुलखात फार. बाधित गाय, म्हैस वा शेळीचे कच्चे दूध हा ब्रुसेलोसिस या जनावरांकडून येणाऱ्या जंतुसंसर्गाचा मार्ग आहे: आठवडेच्या आठवडे चढउतार होणारा ताप, घाम आणि खुबा किंवा गुडघा धरणे. लगतच्या विजापूर भागातून बालरुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. ‘गोठ्यात एखादं जनावर गाभडलं (गर्भ पडला) का?’ हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाने विचारला तर आश्चर्य वाटते खरे, पण निदान तिथेच असते. दूध उकळल्याने धोका टळतो. जनावरांच्या बाजूने, २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना ब्रुसेलाची लस टोचली जाते.

हाडांचा क्षय हळू चालतो. खुब्याच्या क्षयात मूल दिवसा नुसते लंगडते आणि रात्री झोपेत एकदम किंकाळी फोडते: जागेपणी सांध्याला आवळून धरणारे स्नायू झोपेत सैल पडतात आणि दुखरी हाडे एकमेकांवर घासतात. क्षयरोगाशी या भागाची ओळख जुनी आहे. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, आणि सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी तिथल्या क्षयरोग आरोग्यधामामुळेच ओळखली जाऊ लागली.

ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांत) राहणाऱ्या मुलांचा आहार भाकरी-चटणीचा. त्यांच्यात मुडदूस, रक्तक्षय दिसतात. ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही मात्र शहरातल्या, फक्त दूध-बिस्किटे खाणाऱ्या हट्टी मुलातही सापडतो. हिरड्या सुजतात, पाय इतके दुखतात की मूल बेडकासारखे पाय पसरून पडून राहते. संत्री-पेरू आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी काही दिवसांत कळ ओसरते. बाहेरून आलेल्या टोळ्यांत विदर्भ किंवा नंदुरबारकडचे कुटुंब असेल आणि वर्षा-दीड वर्षाच्या बाळाचे दोन्ही हातपाय सुजले असतील, तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करायची असते.

दुखणे की लुळेपणा

पाय दुखतो म्हणून मूल हलवत नाही आणि पायात बळच नाही म्हणून हलवत नाही, यांत घरच्यांना फरक करता येत नाही. गिलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजारात सुरुवातीला पाय दुखतातच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात त्याचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा साताऱ्या-सांगलीतही हे नाव घरोघरी पोहोचले. कमरेत चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने मज्जातंतू दुखावूनही पाय लुळा पडतो, आणि तापात सुईचा आग्रह धरणाऱ्या पालकांना हे सांगावे लागते. पंधरा वर्षांखालील मुलाच्या अचानक आलेल्या लुळेपणाची खबर आरोग्य खात्याला द्यावीच लागते आणि शौचाचे दोन नमुने पोलिओच्या तपासणीला जातात. भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, तरी ही पद्धत चालू आहे.

घरगुती उपाय आणि पुढची वाट

कोमट तेल, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, आंबेहळदीचा लेप यांनी साध्या दुखण्याला आराम पडतो. सुजलेला, गरम सांधा मात्र चोळू नये. हाडवैद्याकडे नेऊन ओढून ‘बसवून’ घेणे तर घातकच: आत पू असेल तर तो पसरतो आणि मुडदुशाने मऊ झालेले हाड मोडते. ताप आणि एकच दुखरा सांधा, भार न देणारा पाय, फिकेपणा किंवा काळेनिळे डाग, रात्रभर न थांबणारी कळ, यांतले काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबून न राहता जिल्हा रुग्णालय किंवा मिरज-कराडच्या वैद्यकीय महाविद्यालयांचा बालरोग विभाग गाठावा. १०८ वर फोन केल्यास गाडी मिळते. जाताना आधी दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, रिकाम्या बाटल्या आणि इंजेक्शनच्या कुप्यासुद्धा सोबत न्याव्यात. कुपीवरचे नाव वाचूनच डॉक्टरला कळते की मूल खरोखर बरे होत आहे की स्टेरॉइडने आजार झाकला गेला आहे.