पायात कडी, म्हणजे हेर?

पायात कडी असलेला पक्षी दिसला की ‘हा हेर, कडीत चिप आहे’ असा मेसेज मुंबईत हमखास फिरतो. २०२३ साली चेंबूरच्या पीर पाऊ जेट्टीवर सापडलेलं कबुतर याच संशयावरून आठ महिने अडकून पडलं. शेवटी ते तैवानचं शर्यतीचं कबुतर निघालं! जानेवारी २०२४ मध्ये सुटलं बिचारं.

रानपक्ष्यांच्या कडीत ना बॅटरी असते, ना कॅमेरा. अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी, तिच्यावर नंबर आणि कडी घालणाऱ्या संस्थेचा पत्ता, बस्स. पक्षी कुठून कुठे जातात हे कळावं म्हणून कडी घालायचं हे काम आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७ पासून करते आहे.

भाद्रपद सरता सरता पाहुणे पक्षी येऊ लागतात. शेताच्या कडेला उजाडायच्या आत बारीक जाळी लावतात. सापडलेला पक्षी अलगद सोडवून कापडी पिशवीत ठेवतात. मग मान दोन बोटांत सैलसर धरून पायात कडी, पंखाचं माप, वजन, आणि भुर्रकन मोकळा. कडी पायावर सहज फिरली पाहिजे. घट्ट बसली तर पाय दुखावतो.

अर्थात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाळं लावणं गुन्हाच. कडीवाला पक्षी मेलेला सापडला तर नंबर सोसायटीला कळवा. जिवंत असेल तर कडी काढू नका, नंबर तेवढा टिपा.