फुप्फुसाचा कर्करोग

फुप्फुसातील किंवा श्वासनलिकांच्या अस्तरातील पेशी बेसुमार वाढून होणारा रोग. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत जगभर याचा क्रमांक पहिला आहे, कारण तो बहुधा उशिरा सापडतो. फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखणे कळत नाही. दुखते ते बाहेरचे आवरण. म्हणून आत वाढणारी गाठ आवरणाला किंवा मोठ्या श्वासनलिकेला भिडेपर्यंत माणसाला पत्ताही लागत नाही.

मुख्य कारण तंबाखूचा धूर. डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1950 साली ब्रिटनमधील रुग्णांच्या अभ्यासातून हा संबंध दाखवला. धोका ‘पॅक-वर्षां’त मोजतात: रोज 20 सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक पॅक-वर्ष. रोज 10 प्रमाणे 40 वर्षे ओढणाऱ्याची 20 पॅक-वर्षे होतात, म्हणजे ‘कमी ओढतो’ हा दिलासा फसवा आहे. किती ओढली यापेक्षा किती वर्षे ओढली हे अधिक भोवते. सोडल्यावर दहा-पंधरा वर्षांत धोका साधारण निम्मा होतो. दुसऱ्याचा धूर, जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी रेडॉन वायू, ॲस्बेस्टॉस, आर्सेनिक, डिझेलचा धूर आणि हवेतील सूक्ष्म कण हीही सिद्ध झालेली कारणे. कधीच न ओढणाऱ्यांनाही हा रोग होतो. त्यांच्यात बहुधा ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींपासून होणारा प्रकार, आढळतो.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला, जुन्या खोकल्याचा बदललेला सूर, बेडक्यात रक्त, धाप, वजन घटणे ही लक्षणे. आवाज अचानक घोगरा झाला तर फक्त घसा पाहून थांबू नये. डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरून महाधमनीखालून वळसा घेते, आणि तिथल्या गाठीने ती दबते. खांद्यात सतत कळ व त्याच बाजूची पापणी ढळलेली असल्यास गाठ फुप्फुसाच्या शेंड्यावर असू शकते. क्षयाशी गल्लत नेहमीची: एक्स-रेवर डाग दिसतो आणि थुंकीत जंतू न सापडताच क्षयाचे औषध सुरू होते. त्यात मोलाचे महिने जातात.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून रोग नाही असे ठरत नाही. हृदयामागची किंवा लहान गाठ त्यात लपते. सीटी स्कॅननंतर दुर्बिणीतून किंवा सुईने तुकडा काढतात. सुईने फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठू शकते, म्हणून नंतर काही तास देखरेख लागते. तुकडा पुरेसा हवा. तो फक्त निदानातच संपला, तर ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकांतील बदल तपासण्यासाठी काही उरत नाही आणि सुई पुन्हा टोचावी लागते. प्रसार पाहण्यासाठी पेट-सीटी आणि मेंदूचा एमआरआय करतात.

सुमारे 85 टक्के रुग्णांत ‘नॉन-स्मॉल सेल’ प्रकार असतो. तो लवकर सापडला तर शस्त्रक्रिया हाच बरे होण्याचा उत्तम मार्ग. उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात. बहुधा रोगी खंड आणि जवळच्या लसीकाग्रंथी काढतात. उरलेले फुप्फुस भार पेलेल का, हे श्वासक्षमतेच्या चाचणीने आधी ठरवतात. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांना मोजक्याच बैठकांत नेमका, तीव्र किरणोपचार देता येतो. रोग छातीतच पण पसरलेला असेल, तर सहा आठवड्यांत 60 ग्रे (किरणमात्रेचे एकक) किरणमात्रा आणि सोबत केमोथेरपी. ‘स्मॉल सेल’ प्रकार झपाट्याने पसरतो. त्याला सिसप्लाटिन किंवा कार्बोप्लाटिन आणि इटोपोसाइड या केमोथेरपीच्या औषधांची, साधारण दर तीन आठवड्यांनी, चार ते सहा आवर्तने देतात. गाठ लवकर विरघळते, पण बहुधा परतते.

दूरवर पसरलेल्या रोगात ईजीएफआर जनुकात बदल सापडल्यास ओसिमर्टिनिब या औषधाची रोज एक गोळी अनेकांना बराच काळ हिंडतेफिरते ठेवते. पुढे पेशी नवे बदल करून औषधाला दाद देईनाशा होतात. असा बदल नसल्यास प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडवणारी पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधे वापरतात. हीच मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती निरोगी फुप्फुसालाही सुजवू शकते. म्हणून उपचारांदरम्यान नव्याने धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे; स्टेरॉइड वेळेवर मिळाले तर सूज बहुधा उतरते.