विमान-संरक्षण उद्योग आणि हरित उड्डाण (ग्रामीण विदर्भ)

विमाने व त्यांचे सुटे भाग, दारूगोळा आणि लष्करी साहित्य बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या उद्योगांना केंद्र व राज्य शासन जमीन, करसवलत, खरेदीची हमी आणि प्रशिक्षण यांच्या रूपाने मदत करते. विमानांचे कर्बउत्सर्जन घटवण्यासाठी जैवइंधनाला मिळणारे प्रोत्साहन हे याच धोरणाचे अलीकडचे अंग. या मदतीतून विदर्भाच्या खेड्यांत कोणते काम आले, ते कोणाच्या वाट्याला गेले आणि विमानाच्या इंधनाशी इथल्या वावरांचा संबंध कसा येतो, हा या नोंदीचा विषय आहे.

दारूगोळ्याचे कारखाने

नागपूर विमानतळालगतच्या ‘मिहान’ या औद्योगिक प्रकल्पाचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. पण विदर्भात हा उद्योग विमानांच्या कितीतरी आधी, दारूगोळ्याच्या रूपाने आला. सीमेपासून दूर, देशाच्या मध्यावरचा मुलूख हे त्याचे मुख्य कारण. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या वर्षांत भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती आणि नागपूरला लागून अंबाझरी येथे आयुधनिर्माणी, म्हणजे सरकारी शस्त्र-दारूगोळा कारखाने, उभ्या राहिल्या. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचे दारूगोळा भांडार त्याहून जुने. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयही नागपुरातच आहे. वाडीच्या बाजूला आजही नुसते ‘डिफेन्स’ म्हटले की रिक्षावाला अंबाझरीच्या वसाहतीकडे वळतो. पोरगा ऑर्डनन्समध्ये आहे, एवढ्या एका वाक्यावर त्या काळी सोयरिकी जुळल्या. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी ही पहिली नोकरी होती.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त करून त्याच्या सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. अंबाझरी ‘यंत्र इंडिया’कडे गेली आणि त्या कंपनीचे मुख्यालय नागपूरला आले, भंडारा व चांदा (भद्रावती) या निर्माणी ‘म्युनिशन्स इंडिया’च्या झाल्या. कामगार संघटनांनी या बदलाला कडाडून विरोध केला होता. त्यानंतर धोक्याच्या इमारतींत काम करणाऱ्या कामगारांच्या बऱ्याच जागा ठरावीक मुदतीच्या करारावर भरल्या जाऊ लागल्या. त्यासाठी आयटीआयचा ‘एओसीपी’ म्हणजे रासायनिक संयंत्र चालवणाऱ्याचा ट्रेड लागतो. काम तेच, स्फोटक तेच, पण कायमपण गेले. खेड्यातल्या कुटुंबाला हा फरक फार मोठा असतो, कारण त्यावर कर्ज, लग्न आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण अवलंबून असते.

खाजगी क्षेत्रात नागपूर–अमरावती रस्त्यावरचा बाजारगाव–चाकडोहचा परिसर पुढे आला. खाणींसाठी स्फोटके बनवणाऱ्या सोलर समूहाने तिथे लष्करी उत्पादन सुरू केले. पिनाका रॉकेट आणि लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारे ‘नागास्त्र-१’ ही त्यांतली ठळक नावे. नागास्त्र २०२४ मध्ये लष्कराला मिळू लागले. ३० मार्च २०२५ रोजी तिथे मानवरहित विमानांसाठी १,२५० मीटर लांबीच्या धावपट्टीचे उद्घाटन झाले. या वाढीमागे केंद्राचे एक साधे पण प्रभावी धोरण आहे: ऑगस्ट २०२० पासून संरक्षण मंत्रालय अशा वस्तूंच्या याद्या काढते, ज्या ठरलेल्या तारखेनंतर परदेशातून घ्यायच्याच नाहीत. पहिल्या यादीत १०१ वस्तू होत्या. गिऱ्हाईक पक्के झाले की कारखानदार यंत्रे आणतो. अनुदानापेक्षा या याद्यांनी अधिक काम केले, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

या रोजगाराची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय नोंद पुरी होणार नाही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) येथे जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगाव परिसरातल्या स्फोटक कारखान्यात नऊ कामगार मृत्युमुखी पडले, त्यांतल्या सहा स्त्रिया. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या स्फोटात आठ जण गेले. शासन उद्योगाला सवलत देताना गुंतवणुकीचा आकडा आणि नोकऱ्यांचा आकडा मागते. कंत्राटी कामगाराचा विमा, प्रशिक्षणाचे दिवस आणि अपघातानंतर घरातल्या माणसाला नोकरी, या गोष्टीही त्याच करारात लिहिल्या गेल्या पाहिजेत.

मिहान

नागपूरच्या दक्षिणेला चार हजार हेक्टरांहून अधिक जागेवर आखलेला हा प्रकल्प. तो राबवण्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव, शिवणगाव या गावांच्या जमिनी त्यात गेल्या आणि मोबदला, पुनर्वसन व प्रत्येक घरी एक नोकरी या मागण्यांसाठी तिथल्या लोकांना वर्षानुवर्षे भांडावे लागले.

विमान उद्योग इथे आला तो मुख्यतः ‘ऑफसेट’च्या वाटेने. परदेशी कंपनीकडून मोठी खरेदी करताना तिने त्या रकमेचा काही भाग भारतात काम देऊन परत फेडावा, अशी ही अट असते. एअर इंडियाने २००६ च्या सुमारास बोइंगकडून ६८ विमाने घेण्याचे ठरवले तेव्हा बोइंगने भारतात विमान-दुरुस्ती केंद्र उभारून देण्याचे मान्य केले, आणि ते २०१५ मध्ये मिहानमध्ये सुरू झाले. ३६ राफेल विमानांच्या २०१६ च्या करारात ऑफसेट ५० टक्के होते. त्यानंतर २७ ऑक्टोबर २०१७ रोजी राफेल बनवणारी फ्रेंच कंपनी दासो आणि रिलायन्स यांच्या कारखान्याची पायाभरणी मिहानमध्ये झाली. तिथे फाल्कन २००० या जेट विमानाचे भाग बनतात. संपूर्ण विमानच नागपुरात जोडण्याची घोषणा जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात झाली, आणि पहिले विमान २०२८ पर्यंत अपेक्षित आहे.

दुरुस्तीच्या कामाला करातून मोठा दिलासा मिळाला. या सेवेवरचा वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि जुलै २०२४ पासून आयात सुट्या भागांवरही एकसारखा ५ टक्के लागू झाला. त्याआधी भारतीय विमाने मोठ्या तपासणीसाठी सिंगापूर, दुबई, श्रीलंकेला जात आणि कामही तिकडच्या हातांना मिळे.

हरित उड्डाणाशी मिहानचा सर्वांत जवळचा संबंध मात्र एका तुळईतून येतो. बोइंग ७८७ च्या फरशीखालच्या आडव्या तुळया टाटा समूहाच्या इथल्या कारखान्यात तयार होतात. धातूऐवजी त्या कार्बन तंतूंच्या असतात. राळेत भिजवलेले तंतूंचे थर धूळविरहित खोलीत एकावर एक बसवायचे आणि उष्णता व दाब देऊन पक्के करायचे, अशी अशा भागांची रीत. हातमोजा फाटला, केस पडला, तर थर बाद. ७८७ चे सुमारे निम्मे वजन अशाच संमिश्र पदार्थांचे असते आणि ज्या विमानांच्या जागी ते आले त्यांच्यापेक्षा ते सुमारे २० टक्के कमी इंधन जाळते. बुटीबोरी-हिंगण्याकडच्या गावातला मुलगा ही तुळई घडवतो तेव्हा तो हवामानासाठीही काम करत असतो. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.

‘स्थानिक’ कोण?

शासकीय सवलत घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असा राज्याचा नियम आहे. पण या नियमात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे राहणारा. कुहीचा, आर्वीचा किंवा घाटंजीचा मुलगा आणि पुण्याचा मुलगा यांच्यात नियम भेद करत नाही. विदर्भासाठी वाढीव सवलत घेणाऱ्या उद्योगाला विदर्भाच्या तालुक्यांतून माणसे घेण्याची अट नसावी, ही या धोरणातली सर्वांत मोठी फट आहे. शिवाय केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केलेले दोन संरक्षण पट्टे उत्तर प्रदेश व तमिळनाडूला मिळाले. महाराष्ट्राने त्याच वर्षी स्वतःचे विमान व संरक्षण उत्पादन धोरण आणले.

खेड्यातून या कामात शिरण्याची खरी दारे दोन. एक, आयटीआय: फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड, आणि दासोच्या सहकार्याने नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये आलेला विमानाच्या सांगाड्याचा व उपकरणांचा फिटर हा अभ्यासक्रम. दुसरे, विमान देखभाल अभियंता. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित लागते आणि पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. त्या परीक्षा इंग्रजीतून असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाचे हात तयार असतात, अडते ते मॅन्युअल वाचताना. तालुक्याच्या आयटीआयत वर्षभराचा तांत्रिक इंग्रजीचा तास ठेवणे हे काही कोटींचे काम नाही.

वैमानिक प्रशिक्षणही गावांजवळ आले आहे. गोंदियाजवळच्या बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या धावपट्टीवर उड्डाण प्रशिक्षण चालते. कामठा-परसवाड्याच्या शिवारात रोवणी करणाऱ्या बायांना डोक्यावरून फिरणारी छोटी विमाने आता नवीन राहिली नाहीत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली आणि तिथे ३४ विमानांची, वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची एअर इंडियाची प्रबोधिनी उभारण्याचे ठरले. वैमानिक होण्याचा खर्च शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा. देखभाल, इंधन भरणे, अग्निशमन, हवामान नोंद ही कामे मात्र आवाक्यातली आहेत.

पऱ्हाटी आणि विमानाचे इंधन

एक टन विमान-इंधन जळले की सुमारे ३.१६ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बॅटरीवर मोठे विमान अजून उडत नाही. म्हणून वनस्पती, टाकाऊ तेल किंवा शेतातला काडीकचरा यांपासून केलेले शाश्वत विमान-इंधन हाच सध्याचा मुख्य उपाय. आजचे इंजिन न बदलता ते ५० टक्क्यांपर्यंत मिसळता येते. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी मिश्रणाची उद्दिष्टे ठरवली आहेत: २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के, २०३० मध्ये ५ टक्के. बेलोरा–मुंबईसारख्या देशांतर्गत फेऱ्यांना ती लागू नाहीत. उलट लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेखालच्या विमानतळांवर नेहमीच्या इंधनावरचा मूल्यवर्धित कर १ टक्क्यापर्यंत खाली आणलेला आहे. निदान या फेऱ्यांची एटीआर विमाने पंख्याची (प्रॉपेलरची) असल्याने तेवढ्या अंतराला जेटपेक्षा कमी इंधन पितात.

विदर्भातला शेतकरी ‘विमानाचे इंधन शेतातून’ हे ऐकून सावध होतो, आणि त्याचे कारण आहे. २००३ नंतर देशभर मोगली एरंडाचा (जट्रोफा, ज्याच्या बियांच्या तेलापासून इंधन होते) प्रचार झाला. पडीक जमिनीवर, धुऱ्यावर लावा, पाणी नको, खत नको, असे सांगितले गेले. अनेकांनी लावला. पाण्याविना तो जगला, पण बी धरले नाही, आणि जे धरले त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. २७ ऑगस्ट २०१८ रोजी देहरादून ते दिल्ली हे जैवइंधनावरचे भारतातले पहिले उड्डाण झाले, तेव्हा तेल शेजारच्या छत्तीसगडमधल्या मोगली एरंडाचे होते. वायुदलाच्या एएन-३२ विमानाने २६ जानेवारी २०१९ च्या संचलनात १० टक्के जैवइंधन मिसळून उड्डाण केले. मे २०२३ मध्ये पुणे–दिल्ली प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज कंपनीने उसाच्या मळीपासून केलेले इंधन मिसळले होते. पण ऊस हे विदर्भाचे पीक नाही.

विदर्भाकडे आहे ती पऱ्हाटी. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात हेक्टरी दोन ते तीन टन काडी उभी राहते. माघ-फाल्गुनात नवरा-बायकोची जोडी गुत्त्याने (ठेक्याने) ती उपटते; चिमट्यात बुंधा धरायचा, मांडीवर भार द्यायचा, ओढायचे. काळ्या मातीला भेगा पडल्या की मूळ सुटत नाही आणि दुपारपर्यंत तळहाताला फोड येतात. थोडी पऱ्हाटी चुलीला जाते, थोडी कुंपणाला. उरलेली बांधाशी ढीग करून पेटवतात. मार्चमध्ये रात्री हिंगणघाटहून वणीकडे जाताना दोन्ही बाजूंनी या आगी दिसतात.

याच काडीत वेडीवाकडी वाळलेली बोंडे असतात आणि त्यांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून बसते. २०१७ मध्ये या अळीने विदर्भाचे पीक खाल्ले. त्यामुळे फरदड (वेचणी संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेले पीक) घेऊ नका, पऱ्हाटी घरामागे साठवू नका, असे कृषी खाते सांगत असते. म्हणजे काडी वेळेत उचलली गेली तर शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील आणि अळीचे चक्रही तुटेल. जैवइंधनाचा विदर्भाला होणारा हा खास फायदा धोरणाच्या कागदांत क्वचितच दिसतो.

काडीपासून इंधन करण्याच्या वाटा दोन: तिचा वायू करून त्यापासून द्रव इंधन जुळवणे, किंवा आधी दुसऱ्या पिढीचे इथेनॉल करून त्याचे विमान-इंधन करणे. केंद्राच्या २०१९ च्या ‘जीवन’ योजनेत अशा कारखान्यांना अर्थसाहाय्य आहे. अडचण वाहतुकीची. पऱ्हाटी गाडीभर दिसते, काट्यावर भरत नाही; शेतातच कुट्टी किंवा गोळ्या केल्याशिवाय ती दूर नेणे परवडत नाही. दुसरे गिऱ्हाईकही हजर आहे, कारण औष्णिक केंद्रांना कोळशात जैवगोळ्या मिसळण्याचे बंधन २०२१ च्या धोरणाने घातले आणि कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथून जवळ आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन गिऱ्हाइके असणे चांगलेच.

पूर्व विदर्भातले धानाचे तणीस आणि सोयाबीनचे कुटार यांवर मात्र इंधनवाल्यांनी डोळा ठेवू नये. ती गुरांची वैरण आहे. मोहफुलांनाही तोच न्याय लागू होतो, तो गोंड-माडिया घरांचा उन्हाळ्याचा आधार आहे.

पऱ्हाटी निघते ती फेब्रुवारी ते एप्रिल या दहा-बारा आठवड्यांत. त्यानंतर वावर नांगरायचे असते आणि शेतकरी थांबू शकत नाही. कुट्टीचे यंत्र भाड्याने देणारे बचतगट, वजनकाटा आणि रोख भाव देणारे खरेदी केंद्र त्या आठवड्यांत दहा-पंधरा किलोमीटरच्या आत उघडे असेल, तर काडी तिथे जाते. नसेल तर संध्याकाळी वारा पडल्यावर धुऱ्याशी आगपेटी निघते.