कपड्यांचा विद्युत ड्रायर

धुतलेल्या कपड्यांतले पाणी गरम हवेच्या झोतात उडवून देणारे घरगुती यंत्र. मराठीत ‘ड्रायर’ हा शब्द दोन गोष्टींना लागतो आणि तिथेच घोटाळा होतो. दोन टबांच्या वॉशिंग मशीनमधल्या लहान टबालाही ड्रायरच म्हणतात. पण तो कपडे गरगर फिरवून पाणी नुसते झटकतो, बाहेर येणारा कपडा दमटच असतो. या नोंदीतले यंत्र त्याच्या पुढचे काम करते. आडवा ढोल, त्यात सावकाश उलटेपालटे होणारे कपडे आणि त्यांच्यामधून सतत वाहणारी गरम हवा. त्यातून निघालेल्या कपड्याची थेट घडी घालता येते.

ड्रायर नीट वाळवेनासा झाला की पहिला संशय हीटरवर जातो. बहुतेक वेळा अडलेली असते ती हवा. याचे कारण साध्या आकड्यांत आहे. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते. ६० अंशांना ही मर्यादा १३० ग्रॅमच्या आसपास जाते. उष्णतेने पाण्याची वाफ होते, शिवाय ती सामावून घ्यायला हवेत जागाही होते. मात्र भरलेली हवा बाहेर गेलीच नाही, तर ढोलात नुसता वाफारा कोंडतो. कपडे हाताला गरम लागतात आणि ओलेच राहतात.

विजेचा हिशोबही इथेच सांगून टाकलेला बरा. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता लागते. ५ किलो सुती कपडे बेताच्या वेगाने पिळून निघाले, तर त्यांत अजून ३ लिटरच्या आसपास पाणी असते. म्हणजे २ युनिटांची उष्णता तर हवीच, वर बाहेर जाणाऱ्या गरम हवेबरोबर वाया जाते ती वेगळी. वॉशिंग मशीनचा पिळण्याचा वेग मिनिटाला १४०० फेऱ्यांपर्यंत नेला, की हे पाणी कपड्यांच्या वजनाच्या निम्म्यावर येते. झटकून काढलेले पाणी उकळून काढलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. बिल कमी करायचे असेल, तर ड्रायरची बटणे चाळवण्याआधी वॉशिंग मशीनच्या स्पिनकडे पाहावे.

इतिहास : १८०० च्या सुमारास फ्रान्समधल्या पोशों नावाच्या गृहस्थाने भोके पाडलेला, हाताने फिरवायचा ढोल केला. तो आगीवर धरायचा. कपडे वाळायचे, पण धुराचा वास घेऊन. अमेरिकेत जॉर्ज टी. सॅम्पसन यांना १८९२ मध्ये शेगडीच्या उष्णतेवर चालणाऱ्या सुधारित सांगाड्याचे पेटंट मिळाले. विजेवरचा स्वयंचलित ड्रायर बाजारात आला तो १९३८ मध्ये. नॉर्थ डकोटातल्या जे. रॉस मूर यांची ही कल्पना, आणि विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीने ती ‘जून डे’ या नावाने विकायला काढली.

रचना : यंत्र समजून घ्यायचे तर हवेच्या मागोमाग जावे. हवा खोलीतून आत शिरते, हीटरच्या कॉइलवरून जाते, ढोलात कपड्यांमधून फिरते, लिंटची (झडलेल्या तंतूंची) जाळी ओलांडते आणि ब्लोअरच्या पंख्यातून पाइपवाटे बाहेर पडते. कॉइल नायक्रोम (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) तारेची असते. उत्तर अमेरिकेतल्या २४० व्होल्टच्या यंत्रांत ती ५,००० वॅटच्या वर जाते, २३० व्होल्टच्या देशांतल्या यंत्रांत साधारण २,००० ते ३,०००. ढोल मिनिटाला पन्नासेक फेऱ्या घेतो. हा वेग मुद्दाम असा ठेवलेला असतो: कपडा वरपर्यंत उचलला जावा आणि तिथून मोकळा होऊन हवेच्या झोतात पडावा. याहून फार जोरात फिरवले तर कपडे भिंतीला चिकटून बसतील आणि गठ्ठ्याच्या पोटात हवा शिरणार नाही. ढोल गच्च भरला की वेग योग्य असूनही नेमके हेच होते.

ढोलाला वळसा घालून एक लांब, पातळ, खाचांचा पट्टा मोटरच्या पुलीवर येतो. स्प्रिंगच्या जोरावर एक ताणपुली त्याला घट्ट ठेवते. पुष्कळ यंत्रांत त्याच मोटरच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला ब्लोअर असतो. मोटर पूर्ण वेग घेत नाही तोवर हीटरला वीज न देणारा स्विचही मोटरमध्येच असतो, म्हणजे हवा वाहत नसताना कॉइल तापत नाही.

हवेच्या वाटेवरचा थर्मोस्टॅट तापमान राखतो. त्याच्याखेरीज कॉइलजवळ जास्त तापमानाला वीज तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट असतो, आणि शेवटचा पहारेकरी म्हणून थर्मल फ्यूज. हा फ्यूज एकदा उडाला की परत जुळत नाही. कपडे वाळले की नाही हे ओळखायला ढोलाच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना एकदम टेकला की त्यातून अत्यल्प प्रवाह जातो, कोरड्यातून जात नाही.

प्रकार : वर वर्णन केलेला, हवा घराबाहेर सोडणारा प्रकार सर्वांत साधा. कंडेन्सर ड्रायर तीच हवा आतल्या आत थंड करून पाणी टाकीत जमवतो. पाइप लागत नाही, पण खोली तापते. हीट पंपाच्या यंत्रात कॉम्प्रेसर असतो: एका बाजूला हवा थंड करून पाणी काढायचे आणि तीच उष्णता दुसऱ्या बाजूला परत हवेला द्यायची. वेळ जास्त लागतो, तापमान कमी राहते, वीज मात्र निम्म्याच्या आसपास. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी युरोपीय संघाने कार्यक्षमतेची अट इतकी वर नेली, की तिथे विजेवरचे नवे घरगुती यंत्र हीट पंपाचेच आणावे लागते.

देखभाल : लिंट म्हणजे कपड्यांचे झडलेले बारीक तंतू. जाळीवर त्यांचा करडा थर बसतो आणि बोटाच्या एका ओढीत अखंड सोलून निघतो. हे काम प्रत्येक खेपेला करायचे, आठवड्याने नव्हे. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कपडे मऊ राहावेत म्हणून ढोलात टाकायच्या सुगंधी कागदांचा मेणचट थर जाळीच्या छिद्रांवर चढतो. जाळी दिसते स्वच्छ, उजेडात धरली तरी आरपार दिसते. ती नळाखाली आडवी धरावी. पाणी सरळ खाली गेले तर ठीक; ताटलीत साचावे तसे वर थांबले तर हवाही तशीच थांबत होती. मऊ ब्रश आणि भांड्यांचा साबण एवढ्याने काम होते. जाळी पूर्ण सुकल्यावरच परत बसवावी. हाच थर ओलावा मोजणाऱ्या पट्ट्यांवर बसला, तर यंत्राला ओला कपडा कोरडा वाटतो; स्पिरिटच्या बोळ्याने पट्ट्या पुसाव्यात.

जाळीतून निसटलेला लिंट पाइपात जमतो. पाइप धातूचा, आतून गुळगुळीत आणि शक्य तितका सरळ हवा. प्लॅस्टिकचा किंवा चुण्यांचा पातळ फॉइलचा पाइप म्हणजे लिंट साठवण्याची सोयच. जोडांवर आत टोक निघणारे स्क्रू मारू नयेत, बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावू नये, कारण दोन्हींना तंतू अडकतात. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत पाइपाचा व्यास ४ इंच आणि लांबी फार तर ३५ फूट धरली आहे. प्रत्येक काटकोनी वळणासाठी त्यातले ५ फूट वजा करायचे. एका वळणाने हवेचा जोर किती मारला जातो, हे यावरून कळते. पाइप वर्षातून एकदा तरी सोडवून साफ करावा. यंत्र भिंतीकडे ढकलताना मागचा पाइप चेपला जातो, ही नव्याने बसवलेल्या यंत्रातली नेहमीची चूक.

कंडेन्सर प्रकारात पाण्याची टाकी रिकामी करणे आणि उष्णता-विनिमयाचा ठोकळा अधूनमधून पाण्याखाली धुणे, एवढे पुरते.

बिघाड शोधणे : यंत्र उघडण्याआधी प्लग काढावा. प्लग नसलेल्या जोडणीत ब्रेकर पाडावा. खाली सांगितलेली मल्टिमीटरची (रोध वगैरे मोजणाऱ्या उपकरणाची) मापे वीज तोडलेली असतानाच घ्यायची. वाहत्या विजेवरचे मोजमाप वायरमनवर सोडावे.

‘वाळायला दुप्पट वेळ लागतो’ ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. यंत्र चालू असताना बाहेरच्या तोंडाशी हात धरावा. झोत दमदार हवा, झडप पूर्ण उघडलेली हवी. झोत मेलेला असेल, तर पाइप सोडवून एक खेप थोडा वेळ चालवून पाहावी. (ही चाचणी विजेवरच्या यंत्रापुरतीच, गॅसवरच्या ड्रायरचा पाइप सोडून ते कधीही चालवू नये.) आता फरक पडला तर दोषी पाइप. नाही पडला तर जाळीखालची पोकळी आणि ब्लोअरचा पंखा पाहावा.

ढोल फिरतो पण हवा गार, असे झाले तर अमेरिकी पद्धतीच्या २४० व्होल्ट जोडणीत आधी ब्रेकर तपासावा. तिथे हीटरला दोन लाइव्ह (विजेचा दाब असलेल्या) तारा लागतात आणि मोटर एकीवरच चालते. त्यामुळे दुसरी गेली तरी यंत्र वरवर ठणठणीत दिसते. वीज बरोबर असेल तर मागचे पत्रे उघडून कॉइलच्या दोन्ही तारा सुट्या कराव्यात आणि मल्टिमीटर लावावा. ५,४०० वॅट आणि २४० व्होल्टच्या कॉइलचा रोध १०-११ ओहम येतो, २,५०० वॅट आणि २३० व्होल्टच्या कॉइलचा २१ च्या आसपास. काहीच वाचन न येणे म्हणजे तार तुटली. कॉइल आणि तिचे पत्र्याचे कवच यांच्यामध्ये मात्र वाचन येता कामा नये. तुटलेली तार कवचाला टेकली असेल, तर ‘थंड हवा’ निवडूनही यंत्र तापत राहू शकते. असे यंत्र पुन्हा चालू करायचेच नाही.

कॉइल चांगली निघाली की संशय थर्मल फ्यूजवर. काही मॉडेलांत तो उडाला की फक्त हीटर बंद पडतो, काहींत यंत्र सुरूच होत नाही. नवा फ्यूज बसवायला काही मिनिटे लागतात, आणि पुष्कळ दुरुस्त्या इथेच फसतात. फ्यूज सहसा उगाच उडत नाही. हवा कोंडली म्हणून आतले तापमान चढले आणि त्याने आपले काम केले. पाइप न साफ करता घातलेला फ्यूज पुन्हा जातो. मग कोणीतरी कंटाळून तिथे तार जोडून देतो. तो उद्योग म्हणजे आगीला दिलेले आमंत्रण.

यंत्र सुरूच होत नसेल, तर दाराचा स्विच दाबताना ‘टक’ होतो का ऐकावे. मोटर घुमते पण ढोल हलत नाही, अशा वेळी ढोल हाताने फिरवून पाहावा. बोटाच्या धक्क्याने भिरभिर फिरला तर पट्टा तुटला आहे. घुमण्याचा आवाज येऊन मोटरच उचलत नसेल, तर ती अडकली असेल किंवा, जिथे असतो तिथे, मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर गेला असेल.

आवाज बरेच सांगून जातात. लांबट किंचाळी बहुधा ताणपुलीची असते. दर फेरीला एकदा येणारा धप्प आवाज ढोल ज्यांवर फिरतो त्यांपैकी एका जागी दबलेल्या रोलरचा, आणि तो बराच वेळ उभ्या राहिलेल्या यंत्रात काही मिनिटांत आपोआप जातोही. खुळखुळ आली की खिशातले नाणे ब्लोअरपर्यंत पोचले आहे असे समजावे. कंडेन्सर यंत्रात टाकी रिकामी करूनही ‘टाकी भरली’चा दिवा जळत राहिला, तर तळातल्या पंपात किंवा तरंगत्या स्विचपाशी तंतूंचा गोळा सापडतो.

आगीचा धोका : अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी निवासी इमारतींत ड्रायरमुळे लागणाऱ्या आगींचा अंदाज वर्षाला २,९०० असा दिला होता, आणि साफसफाई न करणे हे पहिले कारण. तेलकट फडकी हा वेगळा धोका. धुऊनही धाग्यांत उरलेले खाद्यतेल किंवा जवसाचे तेल हवेशी संयोग पावताना स्वतःच तापते, आणि ढोलातून काढलेल्या गरम ढिगाला आपोआप पेट लागू शकतो. शेवटची काही मिनिटे यंत्र गार हवा देते ती याचसाठी. चक्र मध्येच थांबवले तर कपडे लगेच काढून पसरून टाकावेत. रबरी फोमच्या वस्तू आत घालू नयेत.

हीट पंपाच्या बंद नळ्यांना घरी हात लावू नये. त्यांत प्रशीतक (उष्णता वाहून नेणारा पदार्थ) असतो, आणि अनेक नव्या यंत्रांत तो ज्वलनशील प्रोपेन असतो. असे यंत्र आडवे करून हलवले असेल, तर कॉम्प्रेसरमधले तेल परत खाली उतरेपर्यंत काही तास ते उभे ठेवून मगच प्लग लावावा.