नॅशव्हिलला न जुमानणारं गाव: बेकर्सफिल्ड

कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण भागातून आलेली गाणी, म्हटलं की टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहराचंच नाव पुढे येतं. १९६०च्या दशकात मात्र नॅशव्हिलला न विचारता हिट गाणी देणारं एक गाव कॅलिफोर्नियात होतं, बेकर्सफिल्ड. आजूबाजूला तेलविहिरी आणि कापसाची शेतं. तिथे राबणारे बरेचसे लोक ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सातून आलेले. १९३०च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी त्यांना घरदार सोडायला लावलं होतं. स्थानिक लोक त्यांना 'ओकी' म्हणून हिणवायचे.

कामावरून सुटलेली ही मंडळी 'ब्लॅकबोर्ड'सारख्या बारमध्ये नाचायला जमायची. १९५१ मध्ये गावात आलेला गायक-गिटारवादक बक ओवेन्स तिथे बिल वुड्सच्या बँडमध्ये गिटार वाजवू लागला. अशा गोंगाटात नाजूक वाजवून भागत नाही. फेंडर टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार तेव्हा नुकतीच, कॅलिफोर्नियातच बनू लागली होती. तिचा खणखणीत, थोडा बोचरा आवाज आणि ठोक्यात वाजणारे ड्रम, एवढ्यावर ही शैली उभी राहिली. त्याच काळात नॅशव्हिलमध्ये चेट ॲटकिन्स, ओवेन ब्रॅडली हे निर्माते व्हायोलिनं आणि कोरस घालून गाणी गुळगुळीत करत होते. शहरी श्रोते त्यावर खूश होते, हेही खरं.

बकचं 'ॲक्ट नॅचरली' १९६३ मध्ये कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. दोन वर्षांनी बीटल्सनी ते गायलं. पण बकच्या गाण्यांत त्याचा साथीदार डॉन रिचची गिटार आणि वरच्या सुरातली गायनसाथ काढून टाकली, तर उरतं ते फारच साधं. १९७४ मध्ये रिच मोटारसायकल अपघातात गेला. त्यानंतर बकच्या गाण्यांत ती धार मला ऐकू येत नाही.

इथला दुसरा मोठा गायक मर्ल हॅगार्ड मात्र इथलाच. १९३७ मध्ये शेजारच्या ऑइलडेलला जन्म, घर म्हणजे रेल्वेचा जुना मालडबा. नऊ वर्षांचा असताना वडील गेले, पोरगा चोऱ्यामाऱ्या करत सॅन क्वेंटिन तुरुंगात पोचला. तिथे कंट्री गायक जॉनी कॅशचा कार्यक्रम ऐकला. १९६० मध्ये सुटून गाण्याला लागला. १९६८च्या त्याच्या 'ममा ट्राइड' या गाण्यातला मुलगा तुरुंगात एकवीस वर्षांचा होतो. मर्लचंही तसंच झालं होतं. जन्मठेप तेवढी गाण्यापुरती. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला माफी दिली.

पुढे केंटकीत जन्मलेल्या गायक ड्वाइट योकमने बकला पुन्हा माइकसमोर आणलं. १९८८ मध्ये दोघांचं 'स्ट्रीट्स ऑफ बेकर्सफिल्ड' पहिल्या क्रमांकावर गेलं.